एली व्हिटनी

एली व्हिटनी (८ डिसेंबर १७६५ – ८ जानेवारी १८२५) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. कापसातील सरकी काढण्याचे यंत्र आणि सरकारसाठी चालविलेला बंदुकांचा कारखाना यांसाठी ते ओळखले जातात.

जिनचा व्यवसाय

व्हिटनी यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो येथे झाला. १७९२ मध्ये येल येथे पदवी घेऊन ते जॉर्जियात गेले. तेथील आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असे. १७९३ मध्ये त्यांनी बनविलेल्या यंत्रात तारेचे दाते फटींतून रुई ओढून घेत व सरकी मागे राही. १४ मार्च १७९४ रोजी या यंत्राचे पेटंट मिळाले. व्हिटनी व त्यांचे भागीदार फिनिअस मिलर यांनी यंत्रे विकण्याऐवजी सरकी काढून देण्याचा धंदा आरंभिला व मोबदला म्हणून दोन-पंचमांश कापूस मागितला. मळेवाल्यांना हा दर जाचक वाटला. यंत्राची रचना सोपी असल्याने सर्रास नकला झाल्या. १७९७ पर्यंत धंदा बुडाला. न्यायालयात त्यांचा हक्क १८०७ मध्ये मान्य झाला; तोवर पेटंटची मुदत संपत आली होती.

बंदुकांचा कारखाना

फ्रान्सशी युद्धाची शक्यता असताना १७९८ मध्ये सरकारने व्हिटनी यांना दोन वर्षांत १०,००० बंदुका पुरविण्याचे १,३४,००० डॉलरचे कंत्राट दिले. तेव्हा त्यांच्याजवळ कारखाना नव्हता. आगाऊ रकमेतून त्यांनी न्यू हेवनजवळ मिल नदीकाठी जलशक्तीवर चालणारा कारखाना उभारला. १८०१ मध्ये वॉशिंग्टन येथे त्यांनी अदलाबदल करता येणारे सुटे भाग जुळवून दाखविले. मात्र त्यांच्या उपलब्ध बंदुकांचे भाग पूर्णपणे अदलाबदलयोग्य नाहीत, असे पुढील अभ्यासकांना आढळले. पुरवठा १८०९ मध्ये पूर्ण झाला. १८१२ मध्ये त्यांना आणखी १५,००० बंदुकांचे कंत्राट मिळाले. त्यांच्या मृत्यूनंतर १८४७ मध्ये याच कारखान्यात सॅम्युएल कोल्ट यांची रिव्हॉल्व्हरे तयार झाली. १८८८ मध्ये हा उद्योग विंचेस्टर कंपनीने विकत घेतला.

परिणाम व वऱ्हाड

या यंत्रामुळे दक्षिणेत कापसाची लागवड व तिच्याबरोबर गुलामगिरीही वाढली. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये सुमारे ४० लाखांवर गेली. १८६१–६५ च्या यादवी युद्धात अमेरिकन कापसाची निर्यात खुंटल्याने इंग्लंडमधील गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. वऱ्हाडात भाव चढले व लागवड वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. पुढे अकोला, अमरावती भागात जिनिंग कारखाने उभे राहिले. त्यांत व्हिटनी यांच्या दातेरी पद्धतीऐवजी धागा कमी तोडणारी रूळपद्धती प्रामुख्याने रुजली.