आर, टी आणि बाकीची २४ अक्षरं

वडील रशियन नौदलात अ‍ॅडमिरल, घराण्यात आरमाराची परंपरा, आणि मुलाला करायचे होते बायकांचे ड्रेस! १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला रोमँ द तिर्तोफ तरुणपणीच पॅरिसला निघून आला. घराण्याच्या नावाला बट्टा नको म्हणून त्याने आडनावच बाजूला ठेवलं. आर आणि टी या आद्याक्षरांचा फ्रेंच उच्चार 'एर्ते'. तेच त्याचं नाव झालं. 'हार्पर्स बझार'ची दोनशेहून अधिक मुखपृष्ठं याच नावाने निघाली.

१९२७ मध्ये त्याने रोमन लिपी चितारायला घेतली. प्रत्येक अक्षर म्हणजे वाकलेलं, ताणलेलं माणसाचं शरीर, बहुतेक बायकांचं. ही २६ अक्षरं पूर्ण झाली १९६७ मध्ये! (आपली असाइनमेंट दोन दिवस लांबली तरी केवढी बोंब होते.) मधल्या काळात फॅशनवाले त्याला विसरलेही होते; तो नाटक-ऑपेरांचे पोशाख करत राहिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्याचं तिथलं अख्खं प्रदर्शनच विकत घेतलं. त्याची पंचाहत्तरी तेव्हा जवळ आली होती.

पुढे या अक्षरांच्या मोजक्या, क्रमांक घातलेल्या प्रतींचे संच निघाले. १९९० मध्ये पॅरिसला तो गेला तेव्हा ९७ वर्षांचा होता. सही शेवटपर्यंत तीच, एर्ते.