बीडकर ज्यांना आपलं मानतात, त्या भास्कराचार्यांनी चूक शोधायची रीत साडेआठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती

रात्री दोन वाजता फोन येतो, वेबसाईट बंद पडलीय. ही वेबसाईट एका मशीनवर चालत नाही. एकमेकांना जोडलेले बरेच सर्व्हर ती मिळून चालवतात, त्याला क्लस्टर म्हणतात. ड्युटीवरचा इंजिनिअर कन्सोलच्या काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड टाकायला लागतो.

‘पिंग’ टाकून सर्व्हर उत्तर देतोय का ते बघायचं. देत असेल, तर त्यावरची सर्व्हिस चालू आहे का बघायचं. ती बंद असेल, तर ‘टेल’ टाकून लॉगच्या शेवटच्या ओळी वाचायच्या. फाईल लिहिता आली नाही असं तिथं दिसलं, तर ‘डीएफ’ टाकून डिस्क भरलीय का ते तपासायचं.

म्हणजे बिघाड दिसला तिथून एकेक पायरी मागं जायचं, आणि प्रत्येक पायरीची खात्री करायची. कमांड नव्या आहेत, पण विचार जुना आहे. तो ज्यांनी सगळ्यात सोप्या भाषेत शिकवला, त्यातलं एक नाव म्हणजे भास्कराचार्य.

बीडचा संबंध काय?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात सांगून ठेवलंय. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू.

आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड, असंही त्यांनी लिहिलंय. वाद सुरू होतो तो इथंच. विज्जडविड म्हणजे आजचं बीड, असं काही अभ्यासकांनी मांडलं. नावातलं साम्य आणि सह्याद्रीचाच फाटा असलेली बालाघाटाची रांग, हे दोन मुद्दे बीडच्या बाजूनं आहेत.

दुसरा मोठा दावा जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा. तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला होता, अशी नोंद त्यात आहे. पण घराण्याचा मठ पाटण्याला होता, म्हणजे जन्मही तिथलाच असं होत नाही. म्हणून बीडकरांनी आपला हक्क अजून सोडलेला नाही.

छत्तिसाव्या वर्षी लिहिलेला ग्रंथ

११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

लीलावतीबद्दल घटिकापात्रात मोती अडकल्याची आणि मुलीचा लग्नमुहूर्त टळल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्यातून ती पसरली.

लीलावतीत खरंच काय आहे, तर व्यस्तविधी, म्हणजे उलटी रीत. ती त्यांच्या आधीच्या गणितज्ञांनाही ठाऊक होती, पण लीलावतीमुळे ती पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती गेली.

समजा, एका संख्येला ३ नं गुणलं, त्यात ५ मिळवले, आलेल्याचं निम्मं केलं आणि उत्तर १६ आलं. मूळ संख्या कोणती? शेवटून सुरुवात करायची. निम्मं केलंय म्हणून दुप्पट, ३२. मिळवलेत म्हणून वजा, २७. गुणलंय म्हणून भागाकार, ९. रात्री दोन वाजता इंजिनिअर हेच करत असतो.

मोठ्या माणसाची चूक दाखवली

रीत शिकवणं सोपं. ती मोठ्या माणसाच्या उत्तराला लावून बघायला धाडस लागतं.

आठव्या शतकातले लल्ल हे ज्योतिषातलं मोठं नाव. भास्कराचार्यांनी त्यांच्या ग्रंथावर टीकाही लिहिली होती. पण गोलाचं पृष्ठफळ काढताना लल्लांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघानं गुणायला सांगितलं होतं. भास्कराचार्यांनी हे चूक असल्याचं उघड लिहिलं. त्यांच्या मते त्या क्षेत्रफळाची चौपट करायला हवी, आणि हेच बरोबर आहे.

फरक किती पडतो? भास्कराचार्यांच्या हिशेबात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं. एवढ्या परिघाला लल्लांचं सूत्र लावलं, तर उत्तर सुमारे १,२०० पट जास्त येतं.

आपलं बरोबर आहे एवढं म्हणून ते थांबले नाहीत. आवळ्यावर रेषा असतात तशा गोलावर रेषा कल्पून त्याच्या फोडी केल्या, एका फोडीचं क्षेत्रफळ काढलं आणि सगळ्यांची बेरीज करून दाखवली. स्वतःच्या ग्रंथावर ‘वासनाभाष्य’ लिहून नियमांमागची कारणंही दिली.

फिरून फिरून उत्तराकडे

त्यांच्या बीजगणितातली चक्रवाल पद्धत तर आजच्या प्रोग्रामरला लगेच ओळखू येईल. अंदाजानं एक संख्या घ्यायची, उत्तरात किती फरक राहतो ते बघायचं, त्यावरून पुढची संख्या ठरवायची आणि फरक हवा तेवढा होईपर्यंत हेच चक्र चालवायचं. प्रोग्रामिंगमध्ये याला लूप म्हणतात. जयदेव नावाच्या गणितज्ञाला ही पद्धत आधीच माहीत होती, भास्कराचार्यांनी ती उदाहरणांसह मांडली.

त्यांचं एक उदाहरण असं : कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ नं गुणून १ मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो? सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. फ्रान्सच्या फर्मानं १६५७ साली ६१ चंच हे कोडं आपल्या काळातल्या गणितज्ञांना घातलं, तेव्हा भास्कराचार्यांच्या ग्रंथाला पाचशे वर्षं होऊन गेली होती.

११८३ साली, ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला, तो ग्रहांची गणितं झटपट करता यावीत म्हणून. पुढं भारतानं १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव मिळालं.

गाव बीड की पाटणे, याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण उत्तर कुणाचं आहे यापेक्षा ते पडताळून बघितलंय का, हा त्यांनी घालून दिलेला धडा आजही कन्सोलसमोर बसलेल्या प्रत्येकाला गिरवावा लागतो.