विसावा न लाभलेला मंदीवाला

सकाळी शेअर घेऊन दुपारी विकणाऱ्यांची संख्या आपल्याकडे गेल्या काही वर्षांत अफाट वाढली. एके काळी हा दलाल स्ट्रीटच्या आसपासचा उद्योग होता. आता तालुक्याच्या गावचा शिक्षक मधल्या सुटीत आणि कचेरीतला कारकून टेबलाखाली मोबाईल धरून तो करतो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायद्यांत व ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी शंभरांतील त्र्याण्णवांना तोटाच झाला. पैशाच्या हानीची अशी मोजदाद होते. मनाला येणाऱ्या शिणाची कोणी करीत नाही. तो शीण ज्याच्या आयुष्यात पानोपानी दिसतो, असा एक माणूस वॉल स्ट्रीटवर होऊन गेला. जेसी लिव्हरमोर हे त्याचे नाव.

२६ जुलै १८७७ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. मुलाने शाळा सोडून शेतीला लागावे अशी वडिलांची इच्छा होती. आईच्या साहाय्याने मुलगा घरातून निसटला आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास बॉस्टनमध्ये पेन वेबर या दलाली पेढीत भाव लिहिणारा पोऱ्या म्हणून लागला. तारेने येणारे आकडे खडूने फळ्यावर मांडायचे, एवढेच त्याचे काम. परंतु त्याला आकड्यांची उपजत स्मृती होती. भाव वर जाण्यापूर्वी किंवा कोसळण्यापूर्वी ते कसे हेलकावतात, हे तो एका वहीत टिपू लागला.

त्या काळी अमेरिकेत ‘बकेट शॉप’ नावाची दुकाने गावोगाव होती. आपल्याकडे ज्याला ‘डब्बा’ म्हणतात तोच हा प्रकार. शेअर प्रत्यक्षात कोणी घेत नसे की देत नसे. तारेवर येणाऱ्या भावावर पैज लागे, आणि गिऱ्हाईक हरले की पैसा दुकानदाराचा. (न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते व बंद भाव घेऊन मुंबईत जो आकड्यांचा जुगार फोफावला, आणि ज्यातून पुढे मटका निघाला, तो याच जातकुळीचा.) या दुकानांत लिव्हरमोर इतका जिंकू लागला, की मालकांनी त्याला दार बंद केले. तेव्हा तो न्यूयॉर्कच्या खऱ्या बाजारात उतरला आणि तेथे त्याला वेगळाच धडा मिळाला. मे १९०१ मधील घबराटीत भाव कोसळणार हा त्याचा होरा अचूक ठरला, तरी त्याचे सर्वस्व गेले. बाजार इतक्या वेगाने हालत होता, की तारेवरचा भाव मागे पडला होता आणि त्याचे सौदे भलत्याच भावाने झाले.

तो मुख्यतः मंदीवाला म्हणून प्रसिद्ध झाला. हाती नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव उतरल्यावर घेऊन सौदा पुरा करायचा, हा मंदीवाल्याचा व्यवसाय. १९०६ च्या वसंतात तो विश्रांतीसाठी समुद्रकाठी गेला असता सहज एका दलालाच्या शाखेत डोकावला, आणि कोणतेही कारण सांगता येत नसताना त्याने युनियन पॅसिफिक रेल्वेचे शेअर विकण्याचा सपाटा लावला. थोड्याच दिवसांत, १८ एप्रिल रोजी, सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला. या नफ्याची कथा नेहमी त्याच्या अंतःप्रेरणेचा पुरावा म्हणून सांगितली जाते. तिच्यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे : सुटीवर गेलेल्या माणसाला दलालाच्या कचेरीवरून पुढे जाता आले नाही. पुढल्या आयुष्यातही मासेमारी, नौका, फ्लॉरिडाचा किनारा हे सारे त्याने उपभोगले. पण त्या किनाऱ्यावरही दलालाची शाखा असेच.

ऑक्टोबर १९०७ च्या संकटात त्याने एका दिवसात दहा लाख डॉलर मिळविले असे म्हणतात. पुढच्याच वर्षी कापसाच्या एका नामांकित जाणकाराच्या बोलण्यावर विसंबून तो कापसात अडकला. तोट्याचा सौदा धरून ठेवायचा नाही, हा स्वतःचाच नियम त्याने मोडला. नंतरची वर्षे कर्जात गेली. येथे त्याच्या चरित्रातील सर्वांत उद्बोधक भाग सुरू होतो. एडविन लफेव्हर यांनी १९२३ मध्ये नाव बदलून त्याची जी कहाणी लिहिली, तिच्यावरून दिसते की बाजार कळत असूनही त्या काळात त्याचे सौदे फसत होते. डोक्यात देण्यांचा घोर असल्याने त्याचा निर्णय डळमळे. आपले खरे दुखणे भावांत नसून मनावरच्या ओझ्यात आहे, हे त्याने ओळखले आणि १९१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आकडे नीट वाचता यावेत म्हणून दिवाळे काढणारा सटोडिया विरळाच.

त्यानंतर एका पेढीने त्याला केवळ पाचशे शेअरांपुरती उधारी दिली. एक चूक झाली असती, तर सारे संपले असते. बेथलेहेम स्टीलचा भाव शंभराच्या घरात येईपर्यंत तो सहा आठवडे नुसता पाहत बसला. भाव त्या उंबरठ्याशी आल्यावर त्याने पहिला सौदा केला, आणि तो साधला. १९१७ पर्यंत त्याने दहा लाखांहून अधिक डॉलरचे जुने देणे फेडले; कायद्याने त्यातून तो केव्हाच मुक्त झाला होता. आठशे डॉलरसाठी ज्याने त्याला सतत छळले होते, त्या धनकोचे पैसे मात्र त्याने सर्वांत शेवटी दिले. पत्नी व मुलगा यांच्यासाठी त्याने काही रकमा अशा बांधून ठेवल्या, की त्यांना त्याचा स्वतःचाही हात लागू नये. आपण काय करू शकतो, याची त्याला पुरती जाणीव होती.

पुढे त्याने आपला दिनक्रम एखाद्या योग्यासारखा आखला. चरित्रकार लिहितात, की त्याच्या कचेरीच्या दारावर पाटी नव्हती, बाजाराच्या वेळात तेथे कोणी बोलत नसे, आणि रात्री तो लवकर झोपे. फुकटच्या सल्ल्यांपासून तो दूर राही. हे सारे उत्तम होते. पण त्याचा हेतू एकच होता, दुसऱ्या दिवशी अधिक नेटाने सौदे करता यावेत. विसाव्यालाही त्याने भांडवलाच्या खात्यावर मांडले होते. घरासाठी, मैत्रीसाठी, किंवा निव्वळ रिकामे बसण्यासाठी त्यातला एक तासही राखलेला दिसत नाही.

१९२९ च्या पडझडीत त्याची कमाई दहा कोटी डॉलरच्या आसपास गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. देश उद्ध्वस्त होत असताना हा माणूस श्रीमंतीच्या शिखरावर होता, आणि तेथूनच त्याची घसरण सुरू झाली. १९३२ मध्ये दुसरी पत्नी डोरोथी हिच्याशी घटस्फोट झाला. डिसेंबर १९३३ मध्ये तो एक दिवसाहून अधिक काळ बेपत्ता झाला. पोलिसांनी शोध घेतला आणि तो भ्रमिष्टासारखा घरी परतला. मार्च १९३४ मध्ये पुन्हा दिवाळे : साडेबावीस लाख डॉलरचे देणे आणि जमेला दोन लाखही नाहीत. त्याच वर्षी शेअरबाजारावर कायद्याची देखरेख आली, त्यामुळे त्याचे जुने डाव चालेनात, असे कारण काही लेखक देतात. ते अपुरे वाटते. १९१५ मध्ये ओझे उतरविताच त्याची बुद्धी ताळ्यावर आली होती. या वेळी देणी पूर्वीसारखीच कायद्याने सुटली. शीण सुटला नाही. १९३५ मध्ये तर नशेतील भांडणात डोरोथीच्या हातून मुलावर गोळी झाडली गेली. मुलगा वाचला.

मार्च १९४० मध्ये शेअरांचे व्यवहार कसे करावेत यावर त्याचे पुस्तक निघाले. भाव नोंदविण्याचे तक्ते, धीर धरण्याचे महत्त्व, यशस्वी सौद्यातला अर्धा नफा रोख काढून बाजूला ठेवण्याचा सल्ला, असे त्यात पुष्कळ आहे आणि त्यातले बहुतेक आजही खोटे ठरलेले नाही. पुस्तकाचा खप बेताचाच झाला. २८ नोव्हेंबर १९४० रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात त्याने आत्महत्या केली. तिसरी पत्नी हॅरिएट हिच्यासाठी ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने आपण थकल्याचे लिहिले होते.