लायसन्स नंबर तपासणारा पॅटर्न कुठून आला? स्टीफन क्लेनी यांची गोष्ट

ऑनलाइन फॉर्ममध्ये आपण ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर टाकतो आणि सबमिट दाबायच्या आधीच खाली लाल अक्षरांत मेसेज येतो, की नंबर चुकीचा आहे. सर्व्हरकडे तोपर्यंत काहीच गेलेलं नसतं. मग चूक ठरवली कुणी? पेजच्या कोडमध्ये लिहिलेल्या एका ओळीच्या पॅटर्नने. त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, आम्ही प्रोग्रामर मंडळी थोडक्यात रेजेक्स म्हणतो.

या पॅटर्नच्या मुळाशी असलेलं गणित स्टीफन कोल क्लेनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये मांडलं. इंजिनिअरिंगला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकलेल्यांना त्यांचं नाव 'क्लीन स्टार' म्हणून ऐकून माहीत असतं. ते स्वतः मात्र आडनावाचा उच्चार क्लेनी असा करायचे. म्हणून इथे तोच वापरतोय.

आधी नंबराची रचना बघू

भारतातल्या लायसन्स नंबरात एकूण १५ अक्षर-अंक असतात. पहिली दोन अक्षरं राज्याची: महाराष्ट्राची एमएच, गोव्याची जीए. पुढचे दोन अंक आरटीओचे: पुण्याचे १२, पिंपरी-चिंचवडचे १४, कोल्हापूरचे ०९. मग चार अंकी वर्ष आणि शेवटी सात अंकी क्रमांक. मध्ये एखादी स्पेस किंवा आडवी रेघ येते.

पॅटर्न शब्दांत सांगायचा तर असा: दोन कॅपिटल अक्षरं, दोन अंक, हवी तर एक स्पेस किंवा रेघ, मग ११ अंक. बस एवढंच. पण अशा वर्णनाने नेमकं काय तपासता येतं आणि काय येत नाही, हे क्लेनींच्या आयुष्याकडे बघितल्यावर जास्त नीट कळतं.

हार्टफर्ड ते प्रिन्स्टन

क्लेनींचा जन्म ५ जानेवारी १९०९ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आई कविता करणारी. मेन राज्यात कुटुंबाची शेती होती आणि त्या जागेची ओढ त्यांना आयुष्यभर राहिली. १९३० मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजमधून पदवी घेऊन ते प्रिन्स्टनला गेले. तिथे त्यांना अलोन्झो चर्च हे मार्गदर्शक मिळाले.

चर्च तेव्हा गणिताला नवा पाया देणारी एक तर्कपद्धती उभी करत होते. लॅम्डा कॅल्क्युलस हा तिचाच भाग. तिच्यात पूर्णांक आणि त्यांच्यावरच्या क्रिया कशा लिहायच्या, हे काम क्लेनींकडे आलं. एका संख्येवरून पुढची काढणं सोपं होतं, पण एक वजा करून मागची काढणं काही केल्या जमेना. हे बहुधा शक्यच नाही, असं चर्च यांनाही वाटू लागलं होतं. क्लेनींना त्याची युक्ती सुचली ती दाताच्या डॉक्टरकडे, खुर्चीत बसलेले असताना! १९३४ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

१९३५ मध्ये क्लेनी आणि त्यांचे सहाध्यायी बार्कली रॉसर यांनी सिद्ध केलं, की चर्च यांच्या मूळ तर्कपद्धतीत अंतर्विरोध आहे. म्हणजे ज्या पद्धतीवर स्वतःचा प्रबंध लिहिला, तिचाच पाया डळमळीत आहे हे क्लेनींनी दाखवून दिलं. तिच्यातला लॅम्डा कॅल्क्युलसचा भाग तेवढा शाबूत राहिला. आज जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये आपण छोटी निनावी फंक्शन्स लिहितो, त्यांचं मूळ तिथे आहे.

ज्याचं उत्तर येतच नाही, त्याचं काय?

१९३६ च्या सुमाराला चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलं, की काही प्रश्न असे आहेत जे कुठलीच ठरलेली रीत सोडवू शकत नाही. यंत्र चालू केलं तर ते थांबेल की कायमचं चालत राहील, हेही प्रत्येक वेळी आधी सांगता येत नाही. क्लेनी याच कामात होते. रिकर्शन थिअरी नावाची गणिताची जी शाखा पुढे वाढली, तिच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतलं जातं.

१९३८ च्या एका लेखात त्यांनी एक साधी दिसणारी गोष्ट केली. खरं आणि खोटं या दोन उत्तरांच्या जोडीला त्यांनी तिसरं उत्तर ठेवलं: अनिश्चित. हिशोब अजून पूर्ण झालेला नाही, कदाचित कधी होणारही नाही, तर त्याला खरंही म्हणू नका आणि खोटंही म्हणू नका. लायसन्सच्या फॉर्मशी याचा थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

१९३५ पासून ते विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवत होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन नौदलात गेले, तिथे नौकानयन शिकवलं आणि नंतर वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत काम केलं. १९४६ मध्ये ते पुन्हा विस्कॉन्सिनला परतले.

१९५१ चा उन्हाळा

त्या उन्हाळ्यात क्लेनी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे रँड कॉर्पोरेशनमध्ये होते. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांचा १९४३ चा लेख. मेंदूतल्या चेतापेशींचं अगदी सोपं गणिती रूप त्या दोघांनी मांडलं होतं: पेशी एक तर पेटते किंवा पेटत नाही. आजच्या न्यूरल नेटवर्कचा पूर्वज तो हाच.

क्लेनींनी स्वतःला प्रश्न विचारला, की अशा मर्यादित पेशींचं जाळं बाहेरून येणाऱ्या संकेतांच्या मालिकेतल्या नेमक्या कोणत्या मालिका ओळखू शकतं? त्यांचं उत्तर असं, की तीनच क्रिया वापरून ज्यांचं वर्णन करता येतं तेवढ्याच, आणि तेवढ्या सगळ्या. त्या क्रिया म्हणजे हे किंवा ते, हे आणि त्यानंतर ते, आणि हेच कितीही वेळा. तिसऱ्या क्रियेसाठी त्यांनी तारा वापरला. आपण रेजेक्समध्ये '*' टाकतो तो हाच. फरक इतकाच, की त्यांच्या मूळ लेखात तारा दोन गोष्टींच्या मध्ये लिहिलेला आहे.

अशा वर्णनांना त्यांनी रेग्युलर हा शब्द वापरला. तो त्यांना स्वतःलाही फारसा पटला नसावा, कारण कुणाला जास्त अर्थपूर्ण नाव सुचत असेल तर कळवावं, अशी विनंती त्यांनी लेखातच केली आहे. पण तेच नाव टिकलं! रँडचा हा अहवाल डिसेंबर १९५१ चा. १९५६ मध्ये तो क्लॉड शॅनन आणि जॉन मॅकार्थी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात छापून आला.

लायसन्स नंबरावर हे लावून बघा. नंबर वाचणारं यंत्र एका वेळी एकच अक्षर बघतं. स्पेस बाजूला ठेवली तर सुरुवातीची एक अवस्था, प्रत्येक अक्षरानंतरची एक अशा १५, म्हणजे झाल्या १६. अक्षराच्या जागी अंक आला किंवा लांबी जास्त झाली तर जायला एक 'बाद' अवस्था. एकूण १७ अवस्थांचं यंत्र झालं. पंधरावा अंक वाचून ते बरोबर सोळाव्या अवस्थेत थांबलं तर आकार बरोबर. पॅटर्न लिहा किंवा यंत्र काढा, दोन्हींची ताकद सारखीच. यालाच क्लेनींचा प्रमेय म्हणतात.

हे कागदावरून कॉम्प्युटरवर आणलं केन थॉम्प्सन यांनी. बेल लॅब्जमध्ये असताना १९६८ मध्ये त्यांनी रेग्युलर एक्स्प्रेशनने मजकूर शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे युनिक्सचा एडिटर, मग ग्रेप, मग पर्ल, आणि आता जवळजवळ प्रत्येक भाषा. चेतापेशींसाठी केलेलं गणित असं फॉर्मपर्यंत पोचलं.

आकार बरोबर म्हणजे नंबर खरा?

नाही. यंत्राला फक्त आकार दिसतो. एमएच९९ ने सुरू होणारा नंबर आपल्या पॅटर्नमधून आरामात पास होईल, पण असं आरटीओ नाहीच. वर्षाच्या जागी ३०२५ टाकलं तरी चालेल. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून व्हरहोफ पद्धतीने काढलेला असतो, त्यामुळे एक अंक चुकला की लगेच पकडला जातो. लायसन्सच्या रचनेत असा तपासणी अंक नाही. एक अंक चुकला तर आकाराने तितकाच बरोबर असा दुसराच नंबर तयार होतो.

क्लेनी जिथे राहायचे त्या विस्कॉन्सिनमध्ये रचना वेगळी आहे. एक अक्षर आणि १३ अंक, आणि सुरुवात आडनावाच्या साउंडेक्स कोडने. क्लेनी या आडनावाचा कोड के४५० येतो. तिथे नाव आणि नंबर एकमेकांशी ताडून बघता येतात. आपल्याकडे ती सोय नाही.

उलट बाजू जास्त त्रासाची आहे. आकार चुकीचा दिसला म्हणून लायसन्स खोटं ठरतं का? जुन्या लायसन्सवर नंबर वेगळ्या पद्धतीने लिहिलेले आहेत. परिवहनच्या पोर्टलवर त्याचं एक उदाहरण दिलेलं असतं: आरजे-१३/डीएलसी/१२/१२३४५६. हा टाकायचा आरजे-१३२०१२०१२३४५६ असा. म्हणजे दोन अंकी वर्षाचं चार अंकी करायचं, मधली अक्षरं काढायची आणि शेवटचा क्रमांक सात अंकी होईपर्यंत पुढे शून्य जोडायचं. राज्यांचे कोडही बदलतात. ओडिशाचा ओआर होता, तो ओडी झाला. राज्यांची ठरावीक यादी पॅटर्नमध्ये कोंबली, की जुना कोड टाकणारा माणूस बाहेर.

आणि आपल्यासाठी खास गंमत: कुणी देवनागरी कीबोर्डवरून १४ टाइप केलं तर? पायथन ३ मध्ये अंकाची खूण देवनागरी अंकही मान्य करते, जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण ते नाकारते. म्हणजे तोच पॅटर्न ब्राउझरमध्ये नापास आणि सर्व्हरवर पास.

तिसरं उत्तर

इथे क्लेनींचं १९३८ चं काम उपयोगी पडतं. लायसन्स चालेल का, या प्रश्नात तीन अटी आहेत: आकार बरोबर, रेकॉर्डमध्ये नोंद, मुदत शिल्लक. क्लेनींच्या नियमाप्रमाणे एक जरी अट नक्की खोटी असेल तर बाकीच्या माहीत नसल्या तरी उत्तर खोटं. सगळ्या खऱ्या असतील तर उत्तर खरं. एकही खोटी नाही पण एखादी माहीत नाही, तर उत्तर अनिश्चित. एसक्यूएलमध्ये नल आल्यावर हिशोब याच तक्त्याप्रमाणे होतो.

जुन्या पद्धतीचा नंबर समोर आल्यावर फॉर्मचं प्रामाणिक उत्तर अनिश्चित हे असतं. बरेच फॉर्म त्याला सरळ खोटं म्हणून टाकतात. २५ वर्षं ट्रक चालवणाऱ्या माणसाला नोकरीच्या अर्जात हा लाल मेसेज दिसतो, तेव्हा त्याच्याकडे वाद घालायला समोर कुणी नसतं. तो अर्ज तिथेच सोडून देतो. म्हणून मी माझ्या फॉर्ममध्ये तीन वाटा ठेवतो. आधी स्पेस, रेघा काढून आणि अंक एका लिपीत आणून घ्यायचे. मग आकार जुळला तर पुढे रेकॉर्डकडे. नंबरात एकही अंक नसेल किंवा तो अगदीच अर्धवट असेल तर तिथेच थांबवायचं. मधलं सगळं माणसाने तपासायला, आणि नंबर कसा लिहायचा त्याचं उदाहरण तिथेच खाली.

शेवटची वर्षं

क्लेनींचं मेटामॅथेमॅटिक्सचं पाठ्यपुस्तक १९५२ मध्ये आलं आणि तर्कशास्त्राच्या कित्येक पिढ्या त्यावर घडल्या. १९६९ ते १९७४ ते विस्कॉन्सिनमध्ये डीन होते. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांनी ते विद्यापीठ पेटलेलं होतं तो हा काळ. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले. डोंगर चढायची त्यांना भारी आवड. १९८३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं स्टील प्राइझ आणि १९९० मध्ये नॅशनल मेडल ऑफ सायन्स त्यांना मिळालं. २५ जानेवारी १९९४ रोजी मॅडिसन इथे त्यांचं निधन झालं.

त्यांचा तारा आपण रोज वापरतो. पुढच्या वेळी नंबर तपासायचा कोड लिहाल, तेव्हा त्यांचं तिसरं उत्तरही त्यात ठेवा.