इंग्रजीचे शिक्षक नामदार गोखले

कोल्हापूरहून दक्षिणेस निघालेला बंगळूर रस्ता कागल ओलांडून काही मैलांतच निपाणीस येतो आणि पुढे बेळगावकडे वळतो. वेदगंगा-दूधगंगेच्या या खोऱ्यात भाषांची सरमिसळ जुनी आहे. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, अशा वातावरणात येथील मुले पिढ्यान्‌पिढ्या वाढली. इंग्रजी मात्र यांपैकी कोठेच कानांवर पडत नसे. ती शाळेच्या उंबरठ्याशीच प्रथम भेटे आणि बहुतेकांना भीतीच घाली. याच पट्ट्यातील कागलच्या शाळेत धुळाक्षरे गिरवलेला एक मुलगा पुढे त्या परक्या भाषेवर असे प्रभुत्व मिळवून बसला की, कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्याचे भाषण ऐकण्यास प्रतिपक्षही उत्सुक असे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे राजकीय चरित्र सर्वश्रुत आहे. पण त्या चरित्राचा पाया ज्या सतरा-अठरा वर्षांत घातला गेला, त्या काळात ते शिक्षक होते आणि आरंभी प्रामुख्याने इंग्रजीचे शिक्षक होते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. प्राथमिक शिक्षण कागलला झाल्यावर १८७६ च्या सुमारास वडीलबंधू गोविंदराव यांच्याबरोबर गोपाळरावांना इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठविण्यात आले. १८७९ मध्ये कृष्णराव वारले आणि कुटुंबाचा आधार तुटला. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागलला दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठविण्यास आरंभ केला. उरलेल्या सात रुपयांत घरातील माणसांचा प्रपंच चालत होता. आपण वाचतो त्या प्रत्येक इंग्रजी पानाची किंमत कागलच्या घरात कोणीतरी मोजत आहे, ही जाणीव त्या तेरा वर्षांच्या मुलास कायमची गंभीर करून गेली.

१८८१ मध्ये मॅट्रिक, त्यानंतर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि अखेर मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशी वाटचाल करून १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. इंग्रजी आत्मसात करण्याची त्यांची रीत साधी पण कष्टाची होती. उत्तम गद्य आणि उत्तम काव्य ते अक्षरशः मुखोद्गत करीत. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चे मोठाले भाग, बर्कचे लेखन, ब्राइटची भाषणे त्यांच्या जिभेवर होती. आजच्या शिक्षणशास्त्राला पाठांतर फारसे मानवत नाही, आणि अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी निष्फळ असते हेही खरेच. परंतु जी भाषा आजूबाजूस कोणी बोलतच नाही, तिचा नाद, तिच्या वाक्याचा तोल आणि शब्दांची सोयरीक कानात मुरवायची कशी? गोपाळरावांनी घरात नसलेली इंग्रजी पाठांतराने घरात आणली. ही भाषा त्यांना वारशाने वा सहवासाने मिळालेली नव्हती, ती त्यांनी एकेक वाक्य करून मिळविली होती. त्यामुळे शिकणारा कोठे अडखळतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

जानेवारी १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षक म्हणून रुजू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० मध्ये स्थापन केलेल्या या शाळेभोवती टिळक-आगरकरांच्या त्यागाचे तेज होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. गोपाळरावांनी कायद्याचा अभ्यासही सुरू केला होता. वकिली वा सरकारी नोकरी पत्करली असती, तर गोविंदरावांच्या कष्टांची फेड लवकर झाली असती. तसे असूनही १८८६ मध्ये, बंधूंची संमती मिळवून, त्यांनी सोसायटीचे आजीव सदस्यत्व स्वीकारले. वीस वर्षे अल्प वेतनावर अध्यापन करण्याचे ते बंधन होते. ज्या भावाने आठ रुपये पाठविले, त्याच भावाने हा दुसरा त्यागही मूकपणे पदरात घेतला.

त्या काळचा इंग्रजीचा वर्ग आज डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे. मराठी शाळेतून आलेला मुलगा काही इयत्तांतच गणित आणि इतिहासही इंग्रजीतून शिकू लागे. भाषा पुरती उमजण्याआधीच तिच्यातून ज्ञान घेण्याची वेळ येई. कठीण शब्दांचे अर्थ, व्याकरण, भाषांतर आणि उताऱ्याचा सोप्या इंग्रजीत अर्थविस्तार या चार खांबांवर अध्यापन उभे असे. अशा वर्गात पूर्वतयारीवाचून उभा राहणारा शिक्षक दोनच गोष्टी करू शके : शब्दकोशातील अर्थ सांगून पुढे जाणे किंवा कठीण जागा गाळणे. गोपाळरावांना दोन्ही मान्य नव्हत्या.

फर्ग्युसनमध्ये त्यांनी शिकविलेल्या पुस्तकांत सदे या लेखकाचे ‘नेल्सनचे चरित्र’ होते. १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक इंग्रज मुलांसाठी सुगम. पण देशावरच्या, समुद्रही न पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्यातील शिडे, डोलकाठ्या, दोरखंड, तोफांच्या रांगा आणि आरमारी डावपेच म्हणजे अगम्य अरण्यच. वाक्याची रचना कळे, पण चित्र उभे राहत नसे. अशा पुस्तकाचा तास म्हणजे शिक्षकाची कसोटी. कोणता शब्द मुलांना अडेल, कोणत्या संदर्भाला आधी पार्श्वभूमी द्यावी लागेल, कोणते वाक्य मोडून पुन्हा जुळवून दाखवावे लागेल, हे वर्गात जाण्याआधीच ठरवावे लागते. तयारी केल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचे नाही, ही गोपाळरावांची ख्याती होती. ओळ न् ओळ उलगडून तिचा अर्थ स्पष्ट आणि मोजक्या शब्दांत मांडणे हे त्यांच्या शिकविण्याचे बळ होते.

या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. साहित्याच्या रसात विद्यार्थ्यांना भिजवून टाकणारे ते अध्यापक नव्हते. वर्गात ऐनवेळी सुचलेल्या कल्पनेच्या मागे धावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांच्या व्याख्यानात झळाळी कमी आणि नेमकेपणा अधिक असे. प्रतिभावान विद्यार्थ्यास कदाचित ते कोरडे वाटले असेल. परंतु खेड्यातून आलेल्या, इंग्रजीने दबून गेलेल्या मुलास झळाळीपेक्षा पायरीची गरज अधिक असते.

१८९० मध्ये टिळकांनी सोसायटी सोडली, तेव्हा गणिताचा भार गोपाळरावांवर आला. पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषयही त्यांनी शिकविले. प्रत्येक नव्या विषयाची त्यांनी नव्याने सिद्धता केली. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून पोहोचले आणि अनेक पिढ्यांनी वापरले. सोप्याकडून कठीणाकडे जाणारी उदाहरणांची मांडणी करणे हे, खरे पाहता, पाठाचे नियोजनच होय.

याच काळात त्यांना न्यायमूर्ती रानड्यांची शिष्यवृत्ती लाभली, तीही विद्यार्थ्याचीच होती. सार्वजनिक सभेच्या कामात सरकारकडे जाणारे अर्ज आणि त्रैमासिकातील लेख रानडे बारकाईने तपासत, आकडे पडताळून घेत, मसुदे पुन्हा लिहावयास लावीत. दिवसा विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणारा शिक्षक उरलेल्या वेळी स्वतःची वही गुरूपुढे ठेवीत होता. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. पुण्यातील प्लेग बंदोबस्ताच्या वेळी सैनिकांकडून झालेल्या अत्याचारांविषयी पत्रांतून आलेल्या माहितीच्या आधारे त्यांनी तेथे विधान केले. परतल्यावर ते सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि फार मोठी टीका सोसली. पडताळून न पाहिलेले वाक्य किती महाग पडते, हा धडा शिक्षकालाच मिळाला होता. पुढील आयुष्यात त्यांच्या भाषणांतील आकडा सहसा कोणास खोडता आला नाही.

१९०२ मध्ये त्यांनी फर्ग्युसनचा निरोप घेतला. त्याच वर्षी वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण गाजले. १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना आणि काशीच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद या घटना लागोपाठ आल्या. इंग्रजीच्या बळावर एवढी उंची गाठलेल्या या पुरुषाने आपली शक्ती खर्चली ती मात्र कशासाठी? १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा, असा त्याचा आशय होता. हे शिक्षण अर्थातच देशी भाषांतील शाळांचे होते. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. उत्कृष्ट इंग्रजीत केलेली ती कळकळीची मागणी, इंग्रजीचा गंधही नसलेल्या मुलांसाठी होती.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. प्रकृती ढासळत असतानाही अखेरपर्यंत कागदपत्रांचा अभ्यास सुटला नव्हता.

सीमाभागातील गावोगावच्या शाळांतून आजही इंग्रजीचा तास भरतो. फळा तोच, मुलांच्या डोळ्यांतील धास्तीही पुष्कळशी तीच. पद्धती बदलल्या, पुस्तके बदलली, साधने वाढली. तरी उद्याच्या तासाला कोणता शब्द अडेल याचा विचार आदल्या रात्री दिव्यापाशी बसून करणारा शिक्षक जेथे आहे, तेथे कागलच्या त्या विद्यार्थ्याची परंपरा चालू आहे.