चित्रकार-गणिती पिएरो देल्ला फ्रांचेस्का

इटलींतील सानसेपोल्क्रो या लहानशा गांवीं, एका चर्मव्यापाऱ्याच्या घरीं, पंधराव्या शतकाच्या आरंभीं पिएरोचा जन्म झाला. आरेत्सो येथील त्याचीं भित्तिचित्रें जगद्विख्यात आहेत. परंतु आमच्या विद्यार्थिवाचकांनीं उर्बिनो येथील, ख्रिस्तास फटके मारिल्याच्या प्रसंगाचें चित्र अवश्य पाहावें. फळा तीन फुटांहूनही कमी रुंद. पण त्यांतील खांब व फरशी इतक्या बिनचूक प्रमाणांत उतरलीं आहेत कीं, त्यांवरून विद्वानांनीं त्या दालनाचा नकाशा मांडिला!

दूरची वस्तु लहान दिसते हें कोणासही ठाऊक आहे. किती लहान, तें पिएरोनें भूमितीनें दाखविलें. यथार्थदर्शनावरील आपल्या ग्रंथांत सुई रोवून, घोड्याच्या शेपटीचा केस ताणून, मनुष्याचें मस्तकसुद्धां बिंदुबिंदूनें कागदावर कसें उतरावें, तें त्यानें शिकविलें आहे. केवढी ही चिकाटी!

उत्तरवयांत त्यानें पांच सुसम घनाकृतींवर ग्रंथ रचिला. १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं तो निवर्तला. आणि १५०९ सालीं त्याच्याच गांवचा संन्यासी लूका पाचोली यानें तो ग्रंथ इटालियन भाषेंत, मूळ कर्त्याचें नांव न देतां, आपल्या पुस्तकांत छापिला. १५५० सालीं चरित्रकार व्हासारी यानें त्याजवर चौर्याचा आरोप केला. आम्हांस मात्र पाचोलीस निव्वळ चोर म्हणवत नाहीं. कारण १४९४ च्या ग्रंथांत त्यानें पिएरोची थोरवी मुक्तकंठानें गाइली होती. पण जेथें नांव हवें होतें, नेमकें तेथेंच तें नाहीं.

पुढें व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत लॅटिन हस्तलिखित सांपडलें व १९१६ सालीं छापून निघालें. त्यांतील आकृति पिएरोच्या हातच्या आहेत.