पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि उसाची मळी



पांडेसऱ्याच्या पंपावर आपण जे पेट्रोल भरतो, त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ऊस, मका, तांदूळ यांपासून ते तयार होते. उसाच्या कारखान्यात शेतकऱ्याला मालक म्हणून बसविणाऱ्या विठ्ठलरावांची ओळख या अंकात करून देत आहे.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी बुद्रुक येथे १८९७ साली त्यांचा जन्म झाला. शाळा चौथीपर्यंतच. गावात ऊस पिकत होता, पण गुळाला भाव मिळेना आणि सावकाराचे देणे फिटेना. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. त्या भागात साखर कारखाने होते, पण ते खासगी कंपन्यांचे. आपलाच कारखाना का नको, हा विचार घेऊन विठ्ठलराव गावोगाव फिरले, भाग विकत घ्या म्हणून लोकांची मनधरणी केली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, विठ्ठलराव उपाध्यक्ष. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला महाराष्ट्रातील पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एक टन उसातून साखर निघते सुमारे १०० किलो. मग उरते काय? पावणेतीनशे-तीनशे किलो चिपाड, ते बॉयलरमध्ये जाळतात. आणि ४०-४५ किलो काळी, चिकट मळी. ही मळी पाण्यात पातळ करून तिच्यात यीस्ट घातले की तिच्यातली साखर आंबते. ते मिश्रण तापवून वाफ थंड केली की सुमारे १० लिटर अल्कोहोल हाती येते. त्यात राहिलेले थोडे पाणीही काढून टाकले, की ते पेट्रोलमध्ये मिसळता येते. कारखाना शेतकऱ्यांचा असला तर या टाकाऊ मळीचा पैसाही त्यांचाच! प्रवरेच्या कारखान्यातही पुढे आसवनी उभी राहिली.

विठ्ठलराव १९८० साली वारले. मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले ते २००१ मध्ये. चिपाडापासून इथेनॉल काढणे मात्र अजूनही महाग पडते, कारण त्यातली साखर धाग्यांत घट्ट अडकलेली असते. भाताच्या पेंढ्यापासून ते काढणारा प्रकल्प २०२२ मध्ये पानिपतला सुरू झाला आहे.

आपल्या जवळच्या बारडोलीचा साखर कारखानाही सहकारीच. तिकडे ऊस तोडायला धुळे-नंदुरबारहून आपलीच माणसे कोयता घेऊन येतात. मळीच्या पैशात भागधारकाचा वाटा असतो, तोडणाऱ्याचा नसतो. सहकारात एवढे राहून गेले, असे मला वाटते.